केसांची मिरास

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या केशसंभाराचा इतिहास सांगावयास बसले असता लेखणी प्रथम न्हाणीघराकडे वळते. कारण लांबसडक केस ही निसर्गाची देणगी खरी, परंतु ती टिकविण्याचे आणि वाढविण्याचे काम पिढ्यान् पिढ्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी पार पाडले, आणि त्या कामाचे शास्त्र कोणत्याही पोथीत न सापडता आजीच्या तळहातातून नातीच्या टाळूत उतरत गेले. सह्याद्रीच्या रानात झाडांवर चढणारी जी काटेरी वेल, तिच्या शेंगा म्हणजे शिकेकाई. या शेंगा उन्हात खडखडीत वाळवून, त्यांत रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि कचोरा घालून कुटावयाचे, ते कूट पाण्यात उकळावयाचे, आणि न्हाण्याच्या दिवशी बंबातल्या कढत पाण्याबरोबर ते केसांना चोळावयाचे, हा क्रम घरोघरी चाले. शिकेकाईला फेस येतो तो तिच्यातील फेनद्रव्यामुळे. ते मळ काढते, पण केसांच्या अंगची स्निग्धता साबणासारखी ओरबाडून नेत नाही, आणि म्हणूनच कमरेपर्यंत पोचणाऱ्या केसांची टोकेसुद्धा पाच-सहा वर्षे तग धरून राहत. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल असे. कोकणात ते खोबरेल, देशावर बहुधा तिळाचे, आणि त्यात माका, ब्राह्मी किंवा जास्वंदीची फुले टाकून मंद आंचेवर कढविलेले. न्हाणे झाल्यावर केस पंच्यात गुंडाळून टिपावयाचे, शेगडीवर ऊद टाकून त्या धुरावर ते मोकळे सोडावयाचे, आणि पुरते सुकल्याखेरीज त्यांना फणी लावावयाची नाही, असा दंडक होता. ओला केस ताणला असता लवकर तुटतो, हे आजच्या रसायनज्ञाने प्रयोगशाळेत पाहिले. आमच्या आज्यांनी ते फणीच्या दात्यांत अडकलेल्या केसांवरून पाहिले होते.

या निगेला लागणारी सामग्री फणेरपेटीत असे. झाकणाच्या आत आरसा, एका कप्प्यात कुंकवाचा करंडा आणि मेण, दुसऱ्यात लाकडी अथवा शिंगाची फणी, केस बांधावयाचे आगवळ, आणि ज्यांच्या केसांना निसर्गाने पुरेशी लांबी दिली नसेल त्यांच्यासाठी गंगावन. हिमालयापलीकडील चमरी गाईच्या शेपटीचे केस व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत दक्षिणेतील बाजारांत येत आणि एखाद्या नववधूच्या वेणीला वीतभर लांबी देत, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लांब वेणीची ओढ किती खोल असली पाहिजे, की तिच्यासाठी इतक्या दूरच्या जनावराचे केस बाजारात यावे! वेणीचे प्रकारही पुष्कळ. तिपेडी ही नित्याची, पाचपेडी आणि सातपेडी सणासुदीची. प्रौढ स्त्रियांचा खोपा, अंबाडा, बुचडा. त्यांवर सोन्याची मूद, राखडी, केवडा, चंद्र, सूर्य, अग्रफूल, वेणीच्या शेवटी गोंडे. फुले ज्या त्या मुलखाची: देशावर शेवंती आणि मोगरा, तळकोकणात आणि गोव्यात अबोली व सुरंगी.

परंतु या सगळ्या वैभवाची मालकी कोणाकडे होती, हा प्रश्न जुन्या कागदांना विचारला तर उत्तर मिळते ते असे, की ज्या डोक्यावर केस वाढत त्या डोक्याची ती मिरास नव्हती. निदान ज्या जातींत विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध होता त्या जातींत तरी केस हे पतीच्या आयुष्यावर दिलेले इनाम होते, आणि पती जाताच ते खालसा होत असे. मेण, कुंकू, मंगळसूत्र आणि वेणी ही एकाच दस्तऐवजाची कलमे होती. प्रयागला त्रिवेणीसंगमावर महाराष्ट्रीय दांपत्ये वेणीदान करतात. पती पत्नीच्या वेणीचे टोक कात्रीने कापतो आणि ते दोन बोटांचे केस संगमात सोडले जातात. सौभाग्यवतीकडून दोन बोटे आणि विधवेकडून सर्वस्व, असा हा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर शंका घेण्याचे धाडस शतकानुशतके फार थोड्यांनी केले.

केशवपनाची रूढी सर्व समाजात सरसकट होती असे नाही, हे येथेच सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र विपर्यस्त होईल. बहुसंख्य जातींत विधवेला पाट लावण्याची मोकळीक होती. किंबहुना मराठी अमदानीत अशा पुनर्विवाहावर पाटदाम नावाची पट्टी घेतली जाई, यावरून तो व्यवहार सरकारदरबारी किती रुळलेला होता हे दिसते. वपनाची सक्ती होती ती मुख्यतः ब्राह्मणांत आणि ब्राह्मणी आचाराचे अनुकरण करून आपली प्रतिष्ठा वाढवू पाहणाऱ्या काही जातींत. तेथे ती किती कठोर होती! पतीच्या मृत्यूनंतर दहाव्या दिवशी न्हावी घरी येई; विधवा अगदीच अजाण पोर असली तर अनेक घरांत ती वयात येईपर्यंत थांबत, आणि मग ज्या वयात इतर मुलींच्या केसांत पहिल्यांदा मूद घातली जाई त्या वयात हिच्या केसांना वस्तरा लागे. त्यानंतर मरेपर्यंत लाल आलवण, एकवेळचे जेवण आणि ठराविक दिवसांनी मागील दारी येणारी न्हाव्याची धोकटी. जिने केस ठेवले तिच्या हातचे पाणी कर्मठ घरात चालत नसे. श्राद्धाच्या स्वयंपाकाला तिला चुलीजवळ जाता येत नसे. सोवळी व्हावयाचे असेल तर मुंडन, आणि मुंडन नको असेल तर घरात असून नसल्यासारखे जिणे, एवढीच निवड तिच्यापुढे होती.

या रूढीच्या समर्थनार्थ जे वचन पुढे केले जाई ते स्कंदपुराणाच्या काशीखंडातील. विधवेने वेणी बांधली तर परलोकी पतीला बंधन पडते, असा त्याचा आशय आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला आणि वेदांत किंवा मनु-याज्ञवल्क्यादी प्राचीन स्मृतींत विधवेच्या मुंडनाची आज्ञा नाही, ही रूढी पुष्कळ उत्तरकालीन आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे जिला सनातन म्हणून गौरविले जात होते ती प्रथा सनातन नव्हतीच. परंतु शास्त्राने न सांगितलेली गोष्ट शास्त्राच्या नावावर खपविणे हे काम रूढी फार कौशल्याने करते, आणि एखादी रूढी तीनचार पिढ्या चालली की तिच्या उगमाची चौकशी करणाराच पाखंडी ठरतो.

पेशवाईच्या इतिहासात एक स्त्री अशी आढळते, की जिने हे इनाम खालसा होण्याला मान्यताच दिली नाही. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांची पत्नी पार्वतीबाई रणभूमीवरून जीव वाचवून परतली. भाऊ पडल्याचे तिने कधीही मानले नाही. पती हयात आहे या निष्ठेने ती सौभाग्यचिन्हे धारण करून राहिली, आणि सौभाग्यचिन्हांत केस आलेच. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने पुष्कळ मुलूख हादरविला, 1776 साली त्याचा निकाल लागला. तरीही पार्वतीबाईच्या निष्ठेत अंतर पडले नाही, आणि 1783 साली ती सुवासिनी म्हणूनच गेली. शनिवारवाड्याच्या अधिकारापुढे शास्त्रीमंडळींची बोलती बंद झाली असेल, किंवा एका मोठ्या घराच्या दुःखाचा त्यांनी आदर केला असेल. कारण काहीही असो, बावीस वर्षे एका स्त्रीच्या डोक्यावरचे केस राहिले आणि त्यामुळे आकाश कोसळले नाही, एवढे पुण्याने डोळ्यांनी पाहिले. तरीही त्यापासून बोध मात्र कोणी घेतला नाही. पार्वतीबाईची सूट ही पार्वतीबाईपुरतीच राहिली, आणि पेठांतील सामान्य घरांत धोकटी पूर्वीप्रमाणेच येत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या दुःखाला छापखान्याची वाट सापडली. 1857 साली बाबा पद्मनजी यांचे यमुनापर्यटन प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हाच आहे. आदल्याच वर्षी, 1856 साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण कायद्याने विवाहाला अनुमती दिली तरी वस्तऱ्याला मनाई केली नाही, आणि पुढेही केली नाही. हा प्रश्न सरकारी हुकूमनाम्याने सुटला नाही ही त्याची विशेष गोष्ट आहे. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना या निबंधात, बायको मेल्यावर पुरुषाच्या अंगावर दुःखाची कोणती खूण उरते, हा प्रश्न इतक्या निर्भयपणे विचारला, की त्याला उत्तर देण्यापेक्षा तो निबंधच दृष्टीआड करणे त्या काळाला सोपे वाटले. आगरकरांनी 1888 साली सुधारक हे पत्र काढले आणि केशवपनावर आपल्या तर्कशुद्ध, संतप्त गद्याचे प्रहार केले. त्यांच्या लेखनाची थोरवी मी मान्य करतो; तथापि ज्यांच्या हातात वस्तरा होता ती माणसे सुधारकाची वर्गणीदार नव्हती, आणि ज्यांच्या डोक्यावर तो फिरत होता त्यांच्यातील बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती.

वस्तरा हाती असणाऱ्यांनी या बाबतीत जे केले ते आमच्या सामाजिक इतिहासाचे एक तेजस्वी पान आहे, आणि त्याला जितकी जागा मिळावयास हवी तितकी मिळालेली नाही असे मला वाटते. न्हावी हा गावगाड्यातील बलुतेदार. गावची हजामत, लग्नातली मशाल, बातमी पोचविणे, आणि त्याबदल्यात खळ्यावरचे बलुते, असा त्याचा वंशपरंपरेचा करार. त्या करारात विधवांचे मुंडन हेही एक काम, आणि ते टाळणे म्हणजे वतनाला बाध आणणे. शहरात बलुत्याची जागा पैशाने घेतली, पण अवलंबित्व तेच राहिले; ज्या घरांतून मिळकत यावयाची त्याच घरांच्या आचाराविरुद्ध उभे राहणे गरीब कारागिराला किती जड जात असेल हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. आणि तरीही 1890 साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावावयाचा नाही असा त्यांनी निश्चय केला. या जमावामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचे परिश्रम होते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातून पुढे आलेला हा पुरुष 1880 पासून दीनबंधु पत्र चालवीत होता. 1884 साली त्याने गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि न्हाव्यांची ही सभा झाली त्याच 1890 साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्याच्याच खटपटीने. सभेची वार्ता विलायतेच्या पत्रांपर्यंत गेली.

न्हाव्यांनी आपले म्हणणे मांडले ते नुकसानभरपाईच्या भाषेत नव्हे. हे काम पाप आहे आणि त्या पापाचे आम्ही आजवर हत्यार झालो, अशी त्यांची भूमिका होती. मागील दारी, भल्या पहाटे, तोंड झाकून बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पाणी लावताना त्यांच्या हातांना जे जाणवले असेल ते कोणत्याही व्याख्यानमालेत ऐकावयास मिळणारे नव्हते. त्या मुलीचा चेहरा घरच्या पुरुषांनी कदाचित कधी नीट पाहिला नसेल; न्हाव्याने तो अगदी जवळून पाहिला होता. एका संपाने रूढी मोडली असे नाही. ज्यांना मुंडन करवून घ्यावयाचे होते त्यांना दुसरे न्हावी मिळत राहिले, आणि गावोगावच्या बलुतेदारांपर्यंत मुंबईचा निश्चय पोचला नाही. परंतु या व्यवहाराला दोन पक्ष आहेत आणि त्यांपैकी एक पक्ष नाही म्हणू शकतो, ही गोष्ट त्या दिवसापासून नाकारता येईना. त्याच वर्षी हरि नारायण आपटे यांच्या करमणूक पत्रातून पण लक्षांत कोण घेतो? ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचून मराठी मध्यमवर्गीय घरांत कितीजणींनी पदराला डोळे पुसले असतील! कादंबरीने घरातल्या बायकांना जे सांगितले ते न्हाव्यांनी घराबाहेरून आधीच बोलून दाखविले होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा निबंध मुळात लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. रूढीविरुद्ध सभा एका दिवसात भरते. ठराव एका तासात होतो. विवाह एका मुहूर्तावर लागतो. केस मात्र महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतात. मनुष्याच्या मस्तकावर अदमासे एक लाख केस असतात, त्यांतील प्रत्येकाची वाढ दोनपासून सहासात वर्षे चालते, मग तो काही काळ विसावतो आणि गळतो, आणि त्याच मुळातून नवा केस निघतो. ही गती तेलाने वाढत नाही, आणि प्रार्थनेनेही नाही. तेल करते ते एवढेच की वाढलेला केस तुटू देत नाही. म्हणजे जिचे मुंडन झालेले आहे तिने पुन्हा केस ठेवण्याचे ठरविले तर पहिल्या महिन्यात डोक्यावर नुसती काळी सावली दिसते. सहा महिन्यांनी तीन इंच केस उभे राहतात, ते धड विंचरता येत नाहीत आणि धड झाकताही येत नाहीत. वर्षाने ते मानेशी येतात. कसाबसा बुचडा बांधावयास दोन वर्षे लागतात, आणि कमरेपर्यंत वेणी यावयास पाच-सहा. या साऱ्या काळात ती स्त्री आपला निश्चय रोज, प्रत्येक प्रहरी, उघड्या डोक्यावर घेऊन वावरत असते. पदर कितीही पुढे ओढला तरी शेजारणीला तो दिसतो, पाणवठ्यावर दिसतो, देवळात दिसतो. सुधारकाला व्याख्यान देऊन घरी जाता येते. तिला त्या अर्धवट वाढलेल्या केसांतून बाहेर पडता येत नाही. प्रत्येक पंधरवड्याला घरातील कोणीतरी, पुष्कळदा तिच्यावर मनापासून माया करणारे कोणीतरी, न्हाव्याला बोलावू का म्हणून विचारते, आणि प्रत्येक पंधरवड्याला तिला पुन्हा नाही म्हणावे लागते. धैर्याचे इतके लांबविलेले रूप आमच्या सामाजिक चळवळींत मला दुसरे आढळले नाही.

अशा स्त्रियांना पहिला आसरा मिळाला तो पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात. रमाबाई स्वतः 1882 साली विधवा झाल्या, त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, अमेरिकेत असताना 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. सदनातील धर्माचा वाद मराठी वाचकांना परिचित आहे आणि त्याची येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. पण त्या वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट हरवली: त्या घरात न्हावी येत नव्हता. कोकणातील देवरुखची गोदूबाई जोशी, जिला आठव्या वर्षी वैधव्य आले होते, ती विशी ओलांडल्यावर या सदनात शिकावयास आली आणि येथे तिचे केस पुन्हा वाढू लागले. चार वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. या विवाहाने महाराष्ट्रात खळबळ उडाली, कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कृत केले, वृत्तपत्रांनी रकाने भरले. तो दिवस इतिहासात नोंदला गेला. परंतु त्या दिवशी ती वधू म्हणून केस बांधून उभी राहू शकली याचा अर्थ ती त्याच्या कितीतरी आधी, कोणताही वर दृष्टिपथात नसताना, एका निश्चयाला लागली होती. लग्नाने तिचे केस तिला परत मिळाले असे म्हणणे कालक्रमालाच धरून नाही. तिने ते आधी स्वतःसाठी वाढविले. लग्न मागाहून आले. लग्नानंतर आनंदीबाई कर्वे झालेल्या या गोदूबाईंनी उतारवयात माझे पुराण या नावाने आपल्या आठवणी सांगितल्या. ज्या कोणास त्या काळातील स्त्रीचा स्वच्छ, बिनअलंकारिक आवाज ऐकावयाचा असेल त्याने ते पुस्तक वाचावेच.

आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची कथा मला याहूनही अधिक विचार करावयास लावते. 1870 साली जन्मलेल्या पार्वतीबाई विशीत विधवा झाल्या, पदरात एक मूल होते, आणि रीतीप्रमाणे त्यांचे वपन झाले. पुढे त्या कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात आल्या. हा आश्रम 1896 साली निघाला आणि नंतर पुण्याबाहेर हिंगण्यास स्थिरावला. तेथे त्यांनी स्वयंपाकघरापासून कामास आरंभ केला, शिक्षण घेतले, आणि झोळी घेऊन गावोगाव वर्गणी मागत त्या हिंडू लागल्या. विधवांच्या शिक्षणासाठी पैसा मागणारी ही बाई स्वतः मुंडित होती आणि लाल वस्त्र नेसत होती. आणि याच वेषामुळे जुन्या वळणाच्या घरांची दारे तिला उघडत, कारण सोवळ्या बाईच्या शब्दाला तेथे मान होता. बहिणीने विवाह केला, भोवतालच्या मुली केस राखू लागल्या, तरी पार्वतीबाई कितीतरी वर्षे वस्तऱ्याखाली बसत राहिल्या. आश्रमाच्या नावाला बाध येऊ नये ही चिंता त्यांना होती, आणि त्याहून खोलवर, लहानपणापासून मनात रुजलेली पापभीरुताही होती. त्यांना भित्रे म्हणण्याचा मोह ज्यांना होईल त्यांनी आपल्या मनातल्या किती भीती आपण चाळिशीपर्यंत ओलांडल्या याचा विचार करावा. शेवटी 1912 च्या सुमारास, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंडन थांबविले. ना विवाहासाठी, ना सौंदर्यासाठी. ज्या रूढीविरुद्ध आपण इतर मुलींना उभे राहावयास सांगतो तिची खूण आपल्याच मस्तकावर वागविणे सत्याला धरून नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

मग निंदा झाली. देणग्या देणारे काही हात आखडले असतील, ओळखीच्या बायकांनी तोंडे फिरविली असतील. एका प्रौढ विधवेच्या डोक्यावर पिकू लागलेले केस वाढताना पाहणे हे तरुणीच्या केसांपेक्षाही लोकांना सहन होण्यास कठीण होते, कारण तरुणीच्या बाबतीत निदान पुनर्विवाहाचा खुलासा तरी देता येत असे. पार्वतीबाईंच्या केसांना कोणताही खुलासा नव्हता. ते त्यांचे होते म्हणून होते. सहा वर्षांनी, 1918 साली, ही देवरुखकडची बाई फारसे इंग्रजी येत नसताना अमेरिकेला गेली, तेथे घरकाम करून राहिली, आश्रमासाठी पैसा जमवून परत आली, आणि पुढे माझी कहाणी हे आत्मचरित्र तिने लिहिले. अमेरिकेचा प्रवास हे तिच्या आयुष्यातील मोठे साहस म्हणून सांगितले जाते. माझ्या मते मोठे साहस त्याआधी, हिंगण्याच्या माळावर घडले होते.

यानंतरच्या तीन दशकांत रूढी ओसरत गेली, तिचा अखेरचा दिवस कोणता हे सांगता येत नाही. शाळांत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या आल्या, घरांतील तरुण विधवांना कोणी न्हाव्यापुढे बसविण्याची भाषा करीनासे झाले, आणि आलवणातील मुंडित आज्या मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे वाड्यांच्या ओसऱ्यांवर जपमाळ घेऊन बसलेल्या दिसत. त्यांतील पुष्कळजणी स्वतः तशाच राहिल्या आणि नातींच्या केसांना मात्र आपल्या हातांनी तेल घालीत राहिल्या. एक लढाई झाली ती देवळाच्या उंबरठ्यावर. पंढरपूरला सकेशा विधवेला विठ्ठलाच्या चरणांना हात लावू देण्यास विरोध झाला, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले ते काणेच. ज्या धर्मशास्त्राच्या नावावर तिला अडविले जात होते त्याचा सर्वांत मोठा जाणकार तिचा वकील होता. ज्या विठोबाने जनाबाईची वेणी घातली असे आमच्या लोकांनी भक्तिभावाने सांगितले, त्याच विठोबाच्या पायांशी एका बाईचे केस आड यावेत, हे पंढरीच्या कोणत्याही वारकऱ्याला पटण्यासारखे नव्हते.

केस वाढणे म्हणजे मुक्ती, असा सिद्धांत यावरून कोणी काढू नये. कर्नाटकाच्या सीमेपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत जिच्या केसांत गुंता होऊन जट धरली तिला देवीचे बोलावणे आले असे मानले जाई. मग त्या केसांना फणी नाही, तेल नाही, कात्री तर नाहीच, आणि कित्येक मुलींचे आयुष्य यल्लम्माच्या नावाने देवळाला वाहिले जाई. तेथे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी जट कापून अनेक स्त्रियांची मान, अक्षरशः, मोकळी केली. पुण्याच्या वाड्यात वस्तरा नाकारणे आणि यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवर कात्री मागणे ही दोन्ही कृत्ये एकाच हक्काची आहेत.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथेच्या बंदीचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायातील जोडवी काढणे, अशा ज्या कृत्यांवर बंदी घातली ती ठरावात नावानिशी दिलेली आहेत. केसांचे कलम त्यांत घालावे असे कोणाला वाटले नाही.